‘ऑटोमॅटिक’ कंट्रोलरच्या नावाखाली मला गंडवलं, शेगडीवाल्यांनो वाचा

घरात लाकूड जाळायची छोटी बंद शेगडी (काचेचं दार आणि धुराचा पाइप असलेली) असेल तर हे वाचाच, मी पुरता गंडलोय. शेगडी सेकंडहँड घेतलेली, "फुल सर्व्हिस केलीय" असं सांगून दिलेली. प्रॉब्लेम एकच, पेटली की अशी पेटायची की खोलीत बसवत नाही आणि जळण बघता बघता खलास. हवेची झडप पूर्ण बंद केली तरी फरक शून्य. विकणाऱ्यालाच विचारलं तर म्हणे, साहेब, झडपेचा जमाना गेला, हा ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवा, नंबर लावा आणि निवांत झोपा.

डेमो पण दिला हां त्याने. पाइपवर चिकटवलेल्या थर्मामीटरचा काटा चांगला वर चढलेला, त्याने डायल पाचवरून एकवर आणला, गप्पा मारत थोडा वेळ काढला आणि काटा हळूहळू खाली. मी खूष. एक गोष्ट तेव्हाच दिसली होती पण डोक्यात शिरली नाही, डायल फिरवता फिरवता त्याने पायाने खालचा राखेचा ड्रॉवर आत ढकलला. सगळी जादू त्या पायात होती! ड्रॉवर उघडा असला की हवा जाळीखालून सरळ निखाऱ्यांत घुसते, भात्याने फुंकल्यासारखी, आणि तो बंद केला की आग बसणारच, डायल असो नसो.

घरी बसवला, एकवर ठेवला, आणि त्याच रात्री पाइपचा खालचा भाग मंद लाल दिसायला लागला. लोखंड लाल दिसतंय म्हणजे 500 डिग्रीच्या पुढे गेलं, अक्षरशः घाम फुटला, आग विझेपर्यंत जागा होतो. फोन केला तर म्हणे तुमचं जळण फार हलकं आहे, माझ्याकडचं जड, मुरलेलं लाकूड वापरा. मीटर टोचून 16 टक्के ओलावा दाखवला. घेतलं. आणि आग खरंच बसली की, मला वाटलं चला कंट्रोलर चालला एकदाचा.

मग काच काळी पडली आणि पाइपच्या जोडातून डांबरासारखं चिकट काहीतरी ओघळायला लागलं. तेव्हा कुठे स्क्रूड्रायव्हर घेऊन बॉक्स उघडला. डायलचा दांडा आत येऊन अधांतरी संपलेला, कोपऱ्यात गमने चिकटवलेली एक स्प्रिंग आणि वजन वाटावं म्हणून लोखंडाचा तुकडा. बास, एवढंच. खरे थर्मोस्टॅट असतात, नाही असं नाही, त्यात दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते, तापली की वाकते आणि हवेची झडप ओढून घेते. पण मग डायल फिरवला की झडप हललेली दिसायला हवी ना, मी ती बघितलीच नाही, हा माझा गाढवपणा.

लाकूड फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर टोचला तर 34! त्याने टोचला होता टोकाला, जिथे लाकूड सगळ्यात आधी वाळतं. 20 च्या खाली हवं, नाहीतर उष्णतेचा काही भाग पाणी उडवण्यातच जातो, आग नीट तापत नाही आणि थंड धुराचं ते डांबर धुरांड्यात थरावर थर बसतं, ते पेटलं तर घर जायचं. त्यात भर म्हणून झडप आवळून रात्रभर धुमसत ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइडची भीती, त्याला ना वास ना रंग, डिटेक्टर मी त्याच आठवड्यात लावला.

मूळ दुखणं काय होतं माहितीये? दाराची दोरी, म्हणजे दार हवाबंद बसावं म्हणून त्याच्या कडेने लावलेली असते ती. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढली तर लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. दोरी कडक होऊन दबलेली, सगळी हवा तिथून आत, मग झडप बंद करून होणार काय. नवीन दोरी बसवली, आता साध्या झडपेनेच आग ऐकते.

पैसे परत मागायला फोन केला तर शांतपणे म्हणतो, "कंट्रोलर ओके आहे साहेब, तुमचं लाकूडच ओलं असणार." म्हटलं, लाकूड तुम्हीच दिलंय. फोन कट.