निकेलहार्पा: हिवाळा-उन्हाळा दोन्ही काढल्यावर

ऑगस्टमध्ये स्वीडनच्या उप्सालात पावसाची झड लागली आणि माझ्या निकेलहार्पाची, म्हणजे गजाने वाजवायच्या, पट्ट्या असलेल्या स्वीडिश तंतुवाद्याची, वरची एक पट्टी आत गेली ती गेलीच. या वाद्याच्या पट्ट्यांना स्प्रिंग नसते. बोटं खालून पट्टी ढकलतात, तिच्यावरचं लाकडी पातं तारेला टेकतं आणि बोट काढलं की पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. लाकूड फुगलं की येत नाही. मग त्या तारेवर खालचा एकही सूर निघत नाही, कुठलीही पट्टी दाबा.

२०१६ पर्यंत या देशाच्या ५० क्रोनरच्या नोटेवर हे वाद्य होतं, आणि व्हायोलिन दुरुस्त करणारा ते हातात घ्यायला तयार नाही! दुसऱ्याने जो आकडा सांगितला, त्यात तारांचा नवा संच आला असता. तोही एका पट्टीसाठी.

शेवटी एका जुन्या वादकाने सांगितलं तसं केलं. पातं काढलं, पट्टी बाहेर ओढली. कडेला जिथे घासून चकाकी आली होती, तिथे पेन्सिलीचं शिसं फिरवलं. काम झालं, खर्च शून्य.

तेव्हापासून स्प्रिंग नसल्याची तक्रार मी कमी करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे वाद्य इथल्या उपलांड प्रांताच्या उत्तर भागापुरतंच उरलं होतं. १९२९ साली ऑगस्ट बूलिनने सगळे सूर देणारी क्रोमॅटिक रचना केली. पुढे एरिक साल्स्ट्रॉमने ती वाजवली, तिच्यासाठी नव्या धुना बांधल्या, लोकांना वाद्य घडवायलाही शिकवलं. सत्तरच्या दशकात कितीतरी जणांनी आपलं वाद्य स्वतःच घडवलं. नाजूक यंत्रणा असती तर ते जमलं असतं का? टोबो गावात साल्स्ट्रॉमच्या नावाची संस्था १९९८ साली सुरू झाली.

हिवाळ्यात मात्र उलटा ताप. हीटरने हवा कोरडी पडते, पट्ट्या सैल होतात आणि संथ धुनेत त्यांची खडखड सुरांच्या वर ऐकू येते. शेजारीण म्हणाली, "टाईपरायटर आणलास का?"

बारा तरफा, म्हणजे गज न लावता आपोआप घुमणाऱ्या तारा, जुळवायचाही आधी वैताग यायचा. वाजवायच्या तारा चारच, बाकीच्यांची हमाली कशाला? पण गज उचलल्यावर मागे रेंगाळणारा आवाज ऐकला की सारंगी आठवते. ती तक्रार मागे घेतली. खडखडीची नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर विक्रेत्यासमोरच ३७ च्या ३७ पट्ट्या एकेक ढकलून सोडा. जी खाली यायला रेंगाळेल, ती दाखवून भाव पाडा. पेन्सिलीचं तेव्हा बोलू नका.