हात आपोआप वळतो त्यावर बोटॉक्स घेतलं, त्या ओपीडीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत आणि मला वाद नकोय, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलची मूव्हमेंट डिसऑर्डरची (म्हणजे शरीराच्या नको असलेल्या हालचालींच्या आजारांची) ओपीडी, एवढं पुरे.

पेशंट माझा धाकटा भाऊ. बाईकवरनं पडला, डोक्याला मार, आयसीयू, मग हळूहळू चालायला बोलायला लागला, आणि सुटलो बाबा म्हणतोय तोवर काही महिन्यांनी उजवा हात आपोआप वळायला लागला. मनगट आत, बोटं मुठीत, चालताना हात पाठीमागे जायचा. याला डिस्टोनिया म्हणतात आणि मार लागल्यावर तो असा उशिरा, कधीकधी वर्षांनीसुद्धा सुरू होतो, हे आम्हाला आधीच्या ठिकाणी डिस्चार्ज देताना कुणी सांगितलंच नाही. गावाकडे सगळ्यांचं एकच, लकवा आहे, तेल चोळा.

इथे आवडलं ते म्हणजे सुई हातात घ्यायच्या आधीची चौकशी. झोपेत हात सैल पडतो का (पडतो), दुसऱ्या हाताने मनगटाला नुसतं धरलं तर वळणं कमी होतं का, जेवतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ आहे का. गोळ्यांची अख्खी पिशवी डॉक्टर मॅडमनी टेबलावर ओतायला लावली, कारण उलटीची मेटोक्लोप्रामाइड किंवा चिडचिडीसाठी देतात ती हॅलोपेरिडॉल, यांनीपण असल्या हालचाली सुरू होऊ शकतात. ट्रायहेक्सिफेनिडिल चालू होती, तिने हात थोडा सुटायचा पण तोंड कोरडं आणि आधीच मार खाल्लेलं डोकं आणखी विसरायचं, ती हळूहळू उतरवून दिली, एकदम बंद नाही. मग भावालाच विचारलं, आम्हाला नाही, की हात सुटला तर तुला काय करायचंय? तो म्हणाला शर्टाच्या बाहीत हात घालायचाय. त्यावरून बोटॉक्स, म्हणजे आखडलेला स्नायू सैल करणारं औषध, कुठल्या स्नायूंत द्यायचं ते ठरलं आणि सोनोग्राफीवर बघून इंजेक्शन दिलं.

फरक लगेच नाही पडत, हे लक्षात ठेवा. दोनेक आठवड्यांत हात सैल झाला, बाही जाते आता, पण मुठीत जोर कमी झाला तो वेगळा, तसं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. असर साधारण तीन महिने, मग परत. आणि त्या तीन महिन्यांत फिजिओ नाही केली तर पैसे पाण्यात, हे मी पैजेवर सांगते.

मेंदूत वायर टाकतात त्या डीबीएसचंपण विचारलं. मॅडम स्पष्ट म्हणाल्या की मार लागून आलेल्या डिस्टोनियात त्याचा रिझल्ट अनुवंशिक डिस्टोनियाइतका भरवशाचा नसतो, आत्ता घाई नको. ऑपरेशन गळ्यात मारलं नाही, त्याचा एक स्टार धराच.

आता तक्रारी. वेटिंग भयानक, सकाळची वेळ देतात आणि नंबर जेवायच्या वेळेला. फिजिओ दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आणि तेही दुसऱ्या दिवशी, बाहेरगावच्या माणसाने राहायचं कुठे? बोटॉक्सची व्हायल (छोटी बाटली) आपणच मेडिकलमधून आणायची, हजारांत जाते, आणि ती फ्रीजमधली वस्तू आहे, २ ते ८ डिग्री, त्यामुळे बर्फाच्या पिशवीसकट मागून घ्या, मेडिकलवाला नुसत्या कॅरीबॅगमध्ये देत होता, मी भांडले.

अजून एक, कुठल्या ब्रँडचं आणि किती युनिट ते फाईलवर लिहून घ्याच. बोटॉक्स आणि डिस्पोर्ट (त्याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) यांचे युनिट एकसारखे नसतात, उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर तेच पहिलं विचारतात, आणि इथे मागितल्याशिवाय कुणी लिहून देत नाही.