काटा शून्यावर होता, तरी ९६ किलो कापूस गेला

खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो त्यात, ४८ बोजे मोजले, प्रत्येकी ३८ किलो, भाव ७,००० रुपये क्विंटल. गाडीत जागा नव्हती म्हणून मोजलेले दोन बोजे घरातच राहिले. दुसऱ्या दिवशी ते सोसायटीच्या शिक्क्याच्या काट्यावर ठेवले. चिठ्ठीत ३८ आणि काट्यावर ४०. म्हणजे ४८ बोज्यांत ९६ किलो, ६,७२० रुपये. व्यापारी फोनवर म्हणतो, रात्रीचं दव धरलं असेल. छपराखाली ठेवलेला बोजा एका रात्रीत दोन किलो दव पितो का?

आम्ही डोळे मिटून बसलो नव्हतो. काटा टांगल्यावर शून्य पाहिलं, गोणीचं वजन वजा केलेलं पाहिलं. पण शून्य बघून काहीच कळत नाही, हे आता समजलं. टांगत्या काट्याच्या आत लोडसेल असतो, धातूचा ठोकळा. वजनाने तो केसभर ताणला जातो, त्याला चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि यंत्र त्या बदलाला एका ठरावीक आकड्याने गुणून किलो दाखवतं. चोरी त्या गुणाकाराच्या आकड्यात असते. वीस किलोपेक्षा जास्त वजन टांगून यंत्राला ते वीसच आहे असं शिकवलं, की रिकामा काटा बरोबर शून्य दाखवतो आणि माल जितका जड तितका मार मोठा.

भिंतीला युरियाची न फोडलेली गोणी टेकून ठेवली होती. आत ४५ किलो, वर गोणीचं वजन. काटा टांगलेला, माणसं हाताशी, गोणी दोन हातांवर. तीच आधी टांगली असती तर ४३ च्या आसपास आकडा दिसला असता आणि व्यवहार तिथेच थांबला असता. हे मनातून जात नाही. घाई होती, पऱ्हाटी वेचायला बाया खोळंबल्या होत्या, पण एका गोणीला किती वेळ लागतो!

शिशाचं सील बघा. तार स्क्रूच्या भोकातून गेलेली हवी, कारण आतली सेटिंग त्या झाकणामागेच असते. सील कापलेलं, स्क्रूची खाच झिजलेली असेल तर मोजू देऊ नका. शिक्क्यात वर्ष आणि तिमाही असते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. प्रमाणपत्र मागा, त्यावरचा क्रमांक काट्याच्या पाटीशी जुळवा. पाटीवर ई (पडताळणीसाठी धरलेला काट्याचा एक टप्पा) = ५० ग्रॅम असेल तर वापरातल्या काट्याला ४० किलोवर १०० ग्रॅमच्या पुढे चूक चालत नाही. इथे दोन किलो होती!

तक्रार केली तर वैधमापनवाले, म्हणजे वजन-मापं तपासणारं सरकारी खातं, म्हणतात काटा आणा. काटा व्यापाऱ्याच्या गाडीत, तो आम्ही कुठून आणायचा? बाजार समितीत म्हणतात आवाराबाहेरची खरेदी आमच्याकडे येत नाही. पोलीस म्हणतात हा दिवाणी मामला. तीन दिवस, तीन चकरा, मजुरी बुडाली, आणि अर्जाची पोच मागितली तर साहेब नाहीत. २००९ चा वैधमापन शास्त्र कायदा मग कोणासाठी आहे? काटे गावोगाव फिरतात, निरीक्षक फिरत नाही.

म्हणून मोजतानाच पाटी, सील आणि लटकलेल्या गोणीसह आकडा, तिन्हींचे फोटो काढा. चिठ्ठीवर सही घ्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि एक मोजलेला बोजा मुद्दाम घरी ठेवा, गाडी भरली तरी देऊ नका.