कॅसेटची बॉडी परत आली, आतली टेप नाही

माळ्यावर ठेवलेल्या खोक्यात झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाच्या, गेम भरलेल्या जुन्या कॅसेट सापडल्या आणि त्या विकायला काढल्या, की फसवणुकीची एक ठरावीक पद्धत समोर येते. ती अशी. खरेदीदार घासाघीस न करता पूर्ण किंमत देतो. पार्सल पोचल्यावर तीन-चार दिवसांनी त्याचा मेसेज येतो, ‘एकही गेम लोड होत नाही, पैसे परत करा.’ विकणारा सज्जनपणे पैसे परत करतो. कॅसेट परत येतात. डबी तीच, छापील कार्ड तेच, कॅसेटवरचं लेबलही तेच. आतली टेप मात्र बदललेली असते.

ही अदलाबदल सोपी आहे, कारण बऱ्याच कॅसेटची बॉडी पाच बारीक स्क्रूंवर जोडलेली असते. चार कोपऱ्यांना चार आणि एक मधे. ते काढले की दोन्ही चकत्या टेपसकट उचलता येतात, आणि त्या जागी साध्या कॅसेटवर केलेली नक्कल बसवता येते. पाच मिनिटांचं काम. मूळ टेप मग दुसऱ्या बॉडीत जाते आणि संग्राहकाला वेगळी विकली जाते. काही कॅसेटची बॉडी स्क्रूशिवाय, दोन भाग वितळवून जोडलेली असते. ती उघडायची तर कड तुटते, म्हणून अशा कॅसेटच्या बाबतीत पूर्ण कॅसेटच बदलून नुसती डबी आणि कार्ड परत येतं.

अदलाबदल ओळखायची कशी? पहिली खूण खिडकीतून दिसते. विकत मिळणाऱ्या गेमची टेप आखूड असायची. सी-१५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून १५ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण २१ मीटर टेप असते, ६० मिनिटांच्या सी-६० मध्ये ८५ मीटरच्या वर. टेप पूर्ण मागे गुंडाळली की मूळ कॅसेटमधली गुंडाळी बारीक दिसते, नक्कल घातलेलीतली जाड. दुसरी खूण बी बाजूला. बऱ्याच मूळ कॅसेटवर तोच प्रोग्रॅम दोन्ही बाजूंना असतो, म्हणजे एक बाजू खराब झाली तर दुसरी चालावी. नक्कल करणारा घाईत एकच बाजू भरतो आणि बी बाजू वाजवली की नुसती खरखर ऐकू येते. तिसरी खूण स्क्रूंच्या डोक्यांवर. तीस-पस्तीस वर्षं न उघडलेल्या स्क्रूच्या खाचेत धूळ बसलेली असते आणि कडा धड असतात. कोणी उघडला असेल तर खाचेच्या आत चकचकीत ओरखडा दिसतो. भिंगातून बघा, लगेच कळतं.

पण हे सगळं कळून उपयोग काय, जर कॅसेट पाठवण्याआधी ती कशी होती याचा पुरावाच नसेल? पैसे परत करून बसलेल्या माणसाचं म्हणणं तिथे कोणी ऐकत नाही. पुस्तक उघडून पानं दाखवता येतात, नाणं वजनावर ठेवता येतं. कॅसेटच्या आत काय आहे ते मात्र बाहेरून कुणालाच दिसत नाही. म्हणून तिचा पुरावा पार्सल बांधायच्या आधी, घरातच तयार करावा लागतो. त्याला एका कॅसेटमागे अर्धा तास लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

आधी टेप रेकॉर्डर ठीक करा. हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबरी रोलर नुसत्या ओल्या कापडाने. मग कॅसेटच्या तोंडाशी, पितळी पट्टीवर, चिकटवलेला लोकरीचा छोटा ठोकळा आहे का बघा. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुकतो आणि ठोकळा गळून आत पडतो. मग आवाज दबका येतो आणि गेम अर्ध्यावर अडकतो. ही खरोखरची बिघाडाची जागा आहे, आणि प्रत्येक तक्रार करणारा खरेदीदार चोर नसतो. त्यानंतर टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे मोकळे होतात.

दुसरी खरी अडचण हेडच्या तिरकेपणाची. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने तो कमीजास्त होतो. एका रेकॉर्डरवर उत्तम चालणारी टेप दुसऱ्यावर ‘टेप लोडिंग एरर’ देते ती बहुधा यामुळेच. स्क्रूची मूळ जागा पेनने खूण करून ठेवा, टेप वाजवा आणि स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवत आवाज जिथे सर्वांत तीक्ष्ण येईल तिथे थांबा. कानाला हे नेमकं कळतं. खरेदीदाराने न चालल्याची तक्रार केली तर त्याला सर्वांत आधी हाच प्रश्न विचारा, हेड जुळवलंत का? ज्याला खरंच गेम हवा आहे तो रेकॉर्डरचा फोटो पाठवतो, पुन्हा प्रयत्न करतो. ज्याला टेप हवी आहे तो फक्त ‘रिफंड’ एवढंच म्हणत राहतो.

आता रेकॉर्डिंग. हेडफोनच्या जॅकमधून संगणकात ४४,१०० हर्ट्झवर, मोनो, वेव्ह फाइल करा. एमपी-थ्री नको, त्या दाबादाबीत स्पंदनांच्या कडा बिघडतात. स्पेक्ट्रमची टेप म्हणजे स्पंदनांच्या लांबीचा खेळ आहे. शून्याची स्पंदनं आखूड, एकाची बरोबर दुप्पट लांब. सरासरी वेग सेकंदाला १,५०० बिटच्या आसपास पडतो, म्हणून ४८के मेमरी भरणाऱ्या गेमला चार-पाच मिनिटं लागतात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो. मधला एक बिट जरी चुकला तरी हिशोब जुळत नाही आणि मशीन एरर देतं. म्हणजे मशीनच्या नेहमीच्या पद्धतीने साठवलेला गेम शेवटपर्यंत लोड झाला, तर टेपवरची माहिती शाबूत आहे हे मशीनच सांगतं. त्याहून भक्कम पुरावा नाही.

तो लोड होताना सलग व्हिडिओ घ्या, मधे कट नको. कॅसेटच्या दोन्ही बाजू कॅमेऱ्याला दाखवा, रेकॉर्डरमध्ये घाला, लोडची आज्ञा द्या. सुरुवातीच्या लांब सुराबरोबर पडद्याच्या कडेला लाल-निळसर जाड पट्टे येतात, माहिती सुरू झाली की निळ्या-पिवळ्या बारीक रेघा. गेम सुरू होऊन कळ दाबल्यावर हलेपर्यंत कॅमेरा बंद करू नका.

त्याच बैठकीत स्टॉपवॉच लावून ए बाजू सुरुवातीपासून टेप संपेपर्यंत वाजवा आणि मिनिटं-सेकंद लिहून ठेवा. पहिला सूर कितव्या सेकंदाला लागतो तेही लिहा. कारखान्यात टेप कापताना थोडीफार कमीजास्त कापली जायची, त्यामुळे ही वेळ त्या कॅसेटच्या ठशासारखी उपयोगी पडते. नक्कल भरणाऱ्याला ती जुळवता येत नाही.

आणि एक खूण टेपवरच करा, बॉडीवर नको. बॉडी तर त्याला परत पाठवायचीच असते. टेप पूर्ण मागे गुंडाळली की कॅसेटच्या तोंडाशी लीडर येतो, म्हणजे सुरुवातीची कोरी प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर काही रेकॉर्ड नसतं, त्यामुळे नुकसान होत नाही. अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या शाईच्या पेनने तिथे मोहरीएवढा ठिपका द्या, वाळू द्या, नोटा तपासायच्या दिव्याखाली फोटो काढा. परत आलेल्या कॅसेटच्या लीडरवर ठिपका नसेल तर वाद मिटला. लीडरचा रंगही फोटोत दिसू द्या.

डबीतल्या बाकीच्या वस्तू मोजून लिहा. हे बरेच जण विसरतात आणि इथेच लुटले जातात. १९८५च्या एलिट या गेमबरोबर लेन्सलॉक नावाची प्लास्टिकची घडीची भिंग यायची. ती पडद्यावर धरल्याशिवाय गेम सुरू करायला लागणारी सांकेतिक अक्षरं वाचता येत नाहीत, आणि दुसऱ्या गेमची भिंग इथे चालत नाही. १९८४च्या जेट सेट विलीबरोबर रंगीत चौकोनांचं कार्ड होतं, गेम सुरू होताना त्यातले रंग विचारले जातात. भिंग किंवा कार्ड काढून घेऊन नुसती कॅसेट परत पाठवली तर टेप धड असूनही तो संच अपुरा होतो, किंमत पडते. जाहिरातीतच लिहा, ‘भिंग आहे, कार्ड आहे, माहितीपुस्तिका इतक्या पानांची’.

पार्सल वजन करून पाठवा. डबीसकट एक कॅसेट साधारण ८० ग्रॅम भरते. पावतीवरचं वजन जपून ठेवा, आणि परत आलेलं पार्सल उघडण्याआधी वजनकाट्यावर ठेवून, सील दाखवून, सलग व्हिडिओतच उघडा. पैसे परत करायचे ते कॅसेट तपासून झाल्यावर, आधी नाही. विक्रीच्या अटीत हे वाक्य आधीच असू द्या. परदेशी खरेदीदार असेल तर आणखी सावध राहा. स्पेक्ट्रम ब्रिटन-स्पेनमध्ये घराघरात होता, त्यामुळे मागणी तिकडूनच येते. परदेशातून पैसे घ्यायला वापरतात त्या पेपालवर तक्रार करायला १८० दिवसांची मुदत असते. म्हणून फोटो आणि व्हिडिओ सहा महिने तरी पुसू नका.

आपल्याकडे दुसरी एक चाल चालते. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता, त्यामुळे महाराष्ट्रातल्या घरांत या मशीनच्या कॅसेट अजून निघतात. त्यांत नकला पुष्कळ असतात, पण मूळ कॅसेटही असतात. ‘लॉट’ उचलायला आलेला माणूस एक हस्ताक्षरात नाव लिहिलेली कॅसेट उचलून दाखवतो आणि म्हणतो, ‘ताई, या सगळ्या पायरेटेड आहेत, दहा रुपये नग देतो.’ त्याला खोकं उचलू देण्याआधी स्वतः वेगळं करा. छापील लेबल किंवा थेट बॉडीवर छपाई, रेकॉर्डिंग रोखण्यासाठी वरच्या कडेला मोकळ्या खाचा, आखूड टेप आणि चांगल्या कागदावरचं रंगीत कार्ड, हे सगळं एकत्र असेल तर ती एका बाजूला ठेवा. झेरॉक्सचं कार्ड आणि साध्या सी-६० वरचं रेकॉर्डिंग असेल तर ती नक्कल. नक्कल मूळ म्हणून विकू नका, तो गुन्हा आपल्या अंगावर येतो. मात्र इथल्याच कुणी लिहिलेला, मराठीतला किंवा शाळेसाठीचा प्रोग्रॅम हस्ताक्षरातल्या कॅसेटवर असू शकतो, आणि त्याची दुसरी प्रत जगात नसेल. अशी कॅसेट वाजवून बघितल्याशिवाय देऊ नका.

‘चालते का बघायला वेव्ह फाइल पाठवा’ असं कुणी म्हणालं तर व्हिडिओ पाठवा, फाइल नाही. फाइल गेली की गेमच त्याच्या हाती लागतो, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही जातं.

शेवटची गोष्ट पैशांची. कॅसेट न बघता लगेच ‘घेतो’ म्हणणारा, मी बदलीवर आहे, माणूस पाठवून उचलतो, असं सांगणारा खरेदीदार आधी एक-दोन रुपये पाठवून विश्वास बसवतो, मग क्यूआर कोड पाठवतो, ‘हा स्कॅन करा, पैसे येतील.’ स्कॅन करून पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. यूपीआयवर पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पैसे जमा झाल्याचा एसएमएस त्याने स्वतः टाइप करून पाठवलेला असू शकतो, म्हणून बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. पैसे गेलेच तर तासभर विचार करत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तरच परत मिळायची आशा असते. गप्पांचे स्क्रीनशॉट तक्रार नोंदवायच्या आधी काढा, कारण समोरचा पहिलं काम मेसेज पुसायचं करतो.