कोल्हापुरात धंद्यांचे लीड शोधायचे: नकाशावरून हातानं, सॉफ्टवेअरनं की याद्यांमधून?

लीड म्हणजे ज्याला माल विकता येईल असं संभाव्य गिऱ्हाईक. ते शोधायला सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हे ठरवण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमचं गिऱ्हाईक पाटी लावून रस्त्यावर बसतं, की गल्लीतल्या शेडमध्ये काम करतं? कोल्हापुरात पुढचा सगळा हिशेब यावरच ठरतो.

राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, गुजरी, चप्पल लाइन आणि गांधीनगरची कापड पेठ इथल्या दुकानांना येणारं-जाणारं गिऱ्हाईक हवं असतं. त्यामुळे मालक गूगल मॅप्सवर फोटो टाकतात आणि फोन नंबर बदलला तर तिथंही बदलतात. शिवाजी उद्यमनगरात चित्र वेगळं आहे. टर्निंग, बोरिंग, ग्राइंडिंगची जॉबवर्कची कामं ओळखीवर चालतात. अनेक शेडची नकाशावर नोंदच नाही, आणि असली तरी प्रकारात नुसतं ‘उत्पादक’ लिहिलेलं असतं. हुपरीत चांदीचे व्यापारी नकाशावर सापडतात, पण घरात बसून दागिने घडवणारे कारागीर सापडत नाहीत. चपलांचंही तसंच आहे. चप्पल लाइनची दुकानं दिसतात, पण चप्पल शिवणारी घरं दिसत नाहीत. चामडं, सोल किंवा चिकटवण विकणाऱ्यानं नकाशावर विसंबून राहू नये.

हातानं शोधणं

पाटीवाल्या गिऱ्हाइकासाठी आमचं मत सरळ आहे: हातानंच शोधा. एका शहरातल्या एका व्यवसायाची यादी माणसाला झेपेल एवढीच असते. नोंद तपासून लिहायला तीन-चार मिनिटं धरली, तर १०० नोंदींना पाच ते सात तास लागतात.

शोध पेठेनुसार घ्या. अख्खं शहर पडद्यावर ठेवून ‘ज्वेलर्स’ टाकलं तर नकाशा सगळी दुकानं दाखवत नाही, ठरावीक मर्यादेनंतर यादी संपते. म्हणून गुजरी पडद्यावर मावेल इतकं झूम करा, ‘या भागात शोधा’ दाबा आणि मग पुढच्या भागाकडे सरका. प्रत्येक भागात दोन-तीन शब्द वापरून बघा: ‘सराफ’, ‘ज्वेलर्स’, ‘गोल्ड’, देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा. नावात मराठी लिहिणारं दुकान आणि इंग्रजी लिहिणारं दुकान एकाच शोधात येईलच असं नाही.

गावांच्या नावांनीही घोटाळा होतो. शाहूपुरी साताऱ्यातही आहे. मंगळवार पेठ तर पुण्यातही आहे. शिरोली एमआयडीसी आणि शिरोळ तालुका हेही एकमेकांत मिसळतात. त्यामुळे पत्त्यातला पिनकोड वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यावर यादी गाळा. शिरोलीचा ४१६१२२ आहे, गोकुळ शिरगावचा ४१६२३४.

नोंद जिवंत आहे का, हे तीन ठिकाणी कळतं: शेवटच्या अभिप्रायाची तारीख, अलीकडचा फोटो आणि अभिप्रायांना मालकानं दिलेली उत्तरं. दोन वर्षांत यातलं काहीच हललं नसेल तर फोन करण्याआधी शंका धरा. ‘कायमचे बंद’ हा शेरा बहुधा कुणीतरी कळवल्यावर लागतो, त्यामुळे बंद पडलेलं दुकान नकाशावर बरेच दिवस चालू दिसू शकतं.

पाटीचा फोटो मोठा करून बघा. जीएसटी नियमांनुसार नोंदणीकृत व्यापाऱ्यानं प्रवेशाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लावायचा असतो, आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ नं सुरू होतो. तो वाचता आला तर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नोंदणीचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, मालकी एकट्याची की भागीदारीत आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे सगळं दिसतं. उधारीवर माल देणाऱ्याला या पाच मिनिटांतून मिळणारी माहिती कुठल्याही विकतच्या यादीत नसते.

हातानं शोधण्याचा खरा फायदा अभिप्राय वाचण्यात आहे. तुम्ही पार्सलचे डबे विकता असं धरा. मटणाच्या खानावळीच्या नोंदीत अभिप्रायांमध्ये ‘पार्सल’ शब्द शोधा. तांबडा रस्सा पिशवीत सांडला अशी तक्रार दोन-तीनदा दिसली, तर त्या मालकाशी काय बोलायचं ते तिथंच ठरलं. वेबसाइट बनवणाऱ्यानं वेबसाइटचा दुवा नसलेल्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. गर्दीच्या वेळांचा आलेख असेल तर तोही बघा, आणि गर्दीच्या तासात फोन करू नका.

एक्स्ट्रॅक्टर आणि एपीआय

ब्राउझरला जोडायचे एक्स्ट्रॅक्टर यादी आपोआप खाली सरकवत प्रत्येक नोंद एक्सेलमध्ये ओततात. वेग भरपूर असतो, पण अडचणी तीन आहेत. गूगलच्या अटींत माहिती एकगठ्ठा उतरवायला मनाई आहे. पानाची रचना बदलली की साधन अर्धवट माहिती देतं आणि ते लगेच लक्षात येत नाही. तिसरी अडचण ईमेलची: गूगल मॅप्सच्या नोंदीत ईमेल नसतो. साधन तो दुकानाच्या वेबसाइटवरून उचलतं, आणि तो कित्येकदा वेबसाइट बनवणाऱ्याचाच निघतो.

एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्रामनं थेट गूगलकडे माहिती मागायची सोय, हा अधिकृत रस्ता. त्यासाठी बिलिंग खातं आणि ‘एपीआय की’ (तुमच्या खात्याचा गुप्त संकेत) लागते, आणि कुठले रकाने हवेत ते प्रत्येक मागणीत सांगावं लागतं. फोन नंबर मागितला की मागणी वरच्या दराच्या गटात जाते. टेक्स्ट सर्च (शब्द टाकून शोध) एका पानाला २० आणि एका शोधाला जास्तीत जास्त ६० नोंदी देतो, तर निअरबाय सर्चची (नकाशावरच्या वर्तुळात शोध) नवी आवृत्ती एका वेळी २० च देते. म्हणून लक्ष्मीपुरीसारख्या दाट भागात २००-३०० मीटर त्रिज्येची वर्तुळं टाकावी लागतात, शहराबाहेर एक-दोन किलोमीटरची चालतात. एखाद्या वर्तुळातून बरोबर २० नोंदी आल्या तर तिथं आणखी असणार असं समजा आणि वर्तुळ लहान करा.

एक अट बरेच जण वाचतच नाहीत. एपीआयमधून आलेल्या माहितीपैकी प्लेस आयडी (गूगलनं त्या जागेला दिलेला ओळख-संकेत) कायम साठवता येतो, अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंत, पण नाव-फोनची कायमची यादी करून ठेवायला परवानगी नाही. तेव्हा एपीआय कुठल्या भागात किती धंदे आहेत हे मोजायला आणि फिरतीचा मार्ग आखायला वापरा. सांगली, सातारा, बेळगावपर्यंत विक्रेते फिरत असतील तर हा खर्च पटतो. एकट्या कोल्हापूर शहरासाठी पटत नाही.

एक्सेलमध्ये फोनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर कोल्हापूरच्या एसटीडी कोडमधलं, म्हणजे ०२३१ मधलं, पहिलं शून्य उडतं. देवनागरी नावं चौकोन-प्रश्नचिन्हं होऊन आली तर फाइल आयात करताना अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ निवडा. दुबार नोंदी नावावरून काढू नका, फोन नंबरावरून काढा. एकाच कारखान्याचं ऑफिस शहरात आणि प्लॉट शिरोलीत असणं नेहमीचंच आहे.

शेडमधलं गिऱ्हाईक

फौंड्रीला बेंटोनाइट (साच्याच्या वाळूत मिसळायची माती) किंवा मशीन शॉपला कटिंग ऑइल विकायचं असेल, तर नकाशा दुसऱ्या नंबरावर ठेवा. शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावात गोशिमा आणि उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या उद्योजकांच्या संघटना आहेत. सभासद सूची बघायला मिळाली तर तिथून सुरुवात करा. अशा सूचीत कारखाना काय बनवतो ते कळतं, आणि नकाशावर नेमकं तेच सापडत नाही. सूचीतले नंबर जुने असू शकतात, ते नकाशावरच्या नंबरांशी ताडून घ्या. लँडलाइन लागली तर बहुधा ऑफिस किंवा गेट उचलतं, तेव्हा ‘परचेस कोण बघतं?’ हा पहिला प्रश्न. उद्यमनगरच्या गल्ल्या मात्र पायी फिरूनच भराव्यात. शेडपुढे उभं राहून नकाशात पिन टाकली की तुमची स्वतःची यादी तयार होते.

जस्टडायल आणि इंडियामार्ट यांचं काम उलट आहे. तिथं गिऱ्हाईक चौकशी करतं आणि तुम्ही त्या चौकशीसाठी पैसे मोजता. गरज ताजी असते, पण तीच चौकशी आणखी पुरवठादारांकडेही जाते, त्यामुळे पहिला फोन कुणाचा यावर बरंच ठरतं. दिवसभर फोनजवळ माणूस बसवता येत नसेल तर हे पैसे वाया जातात.

लोकांनी मिळून बनवलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा फुकट आहे, श्रेय देऊन माहिती साठवायलाही मुभा आहे, पण आपल्याकडच्या दुकानांचे फोन त्यात क्वचितच सापडतात. औद्योगिक वसाहतींच्या हद्दी काढायला तो पुरेसा आहे.

‘कोल्हापूरचा पाच हजार धंद्यांचा डेटा’ असं काही विकत घ्यायचं असेल, तर आधी मधल्याच कुठल्यातरी २० ओळी मागून नकाशावर तपासा. चार-पाच बंद किंवा चुकीच्या निघाल्या तर घेऊ नका.

यादी कुठलीही असो, साध्या दहा आकडी मोबाइलवरून घाऊक जाहिरातीचे फोन करू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी नोंदणी लागते आणि अशा फोनसाठी १४० नं सुरू होणारे नंबर आहेत. लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून आधी दुकानात जा किंवा एकदा नीट बोला, आणि नंबर जतन करायला सांगा. जो ‘नको’ म्हणेल त्याच्यापुढे तारीख घालून तसं लिहा. ती ओळ पुसू नका, नाहीतर सहा महिन्यांनी नवी यादी काढली की तोच माणूस पुन्हा तिच्यात येईल.