कांदळवन परत आणायचं: रोपं लावून की भरतीला वाट देऊन?

मुंबईच्या खाडीलगत कांदळवन उजाड दिसलं की पहिली सूचना ठरलेली: रोपं लावा. काम दिसतं, फोटो निघतात. पण तिथली तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, मेली कशाने, हे आधी बघा. बऱ्याचदा कारण असतं राडारोडा, बांध किंवा रस्त्याखालची तुंबलेली मोरी. भरती आत येत नाही, नाहीतर आलेलं पाणी ओहोटीला बाहेर पडत नाही. चिखलातून वर आलेली श्वासमुळं सतत बुडून राहिली की झाड गुदमरतं. नवं रोपही तसंच मरणार.

दुसरा मार्ग: राडारोडा उचलून जमीन शेजारच्या जिवंत तिवरांच्या पातळीला आणायची, बांध फोडायचा, मोरी साफ करायची. पावसाळ्यात बिया तरंगत आपसूक येतात. परवानग्यांना वेळ लागतो, जेसीबी जपून चालवावा लागतो आणि सुरुवातीला दाखवण्यासारखं काहीच नसतं. पैसे देणाऱ्याला हे पटवणं सर्वांत अवघड. पण पाणी खेळतं झालं की चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबीला जागा मिळते, आणि ती कोळीवाड्याची रोजी आहे.

रोपं लावायचीच, तर जवळपास बी देणारी झाडं नसतील तिथे. तीही मध्य समुद्रपातळीच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या सरासरी पातळीच्या, वर. त्याखालच्या उघड्या चिखलात रोप जास्त वेळ बुडतं, खोडावर बार्नेकल (चिकटून राहणारे कवचधारी जीव) चढतात, प्लास्टिक गुंडाळलं जातं. शिवाय ठाणे खाडीत हाच चिखल फ्लेमिंगोंचं ताट आहे. २०२२मध्ये या खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे हिरवळ वाढवणं म्हणजे पक्ष्यांना उठवणंच.