इंग्रजी शब्दांचं खानदान सांगणारी साइट: एटिमऑनलाइन रिव्ह्यू

मी सीताबर्डीत एका क्लासमधे इंग्रजी शिकवते, ही साइट सारखी उघडी असते माझ्या मोबाईलवर म्हणून लिहून राहिली. इंग्रजी शब्द कुठून आला, पहिल्यांदा कधी लिहिलेला सापडतो, अर्थ कधी पलटला हे सगळं यात मिळते. अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांनी हा कोश उभा केला, साइट फुकट आहे, ॲपपण आहे.

आता 'बूटस्ट्रॅप' घ्या. आपल्या आयटी पार्कमधली पोरं हा शब्द फार वापरतात, कोणाचं फंडिंग न घेता स्वतःच्या पैशावर कंपनी चालवली की ती बूटस्ट्रॅप्ड. साध्या डिक्शनरीत 'स्वबळावर' एवढं वाचून आपण पुढे जातो. इथे पाहिलं तर बूटस्ट्रॅप म्हणजे उंच बुटाला मागून वरच्या बाजूला शिवलेला पट्टा, त्यात बोट अडकवून बूट चढवायचा. आणि तेच पट्टे ओढून स्वतःला वर उचलणं हे आधी अशक्य गोष्टीसाठी म्हणायचे! 1888 च्या एका अमेरिकन शाळेच्या फिजिक्सच्या पुस्तकात प्रश्नच आहे, माणूस असं स्वतःला का उचलू शकत नाही? 1916 येईपर्यंत अर्थ पार फिरला, कोणाच्या मदतीशिवाय कष्टाने वर येणं झाला. कॉम्प्युटरवाला अर्थ 1953 चा, आधी छोटा प्रोग्राम लोड होतो अन् तो बाकीच्यांना ओढून आणतो, आपण 'बूट करणं' म्हणतो ते यातूनच.

माझ्या क्लासमधे गडचिरोली-गोंदियाकडून येऊन रूम करून राहणारी मुलं आहेत, त्यांना जो तो सांगते स्वतःच्या जोरावर वर या, मेसचे पैसे, फी कुठून येते ते कोणी विचारत नाही. म्हणून हा 1888 चा प्रश्न मी वर्गात मुद्दाम ठेवते. मुलं लगेच न्यूटन काढतात, बाहेरून बल लागल्याशिवाय थांबलेली वस्तू हलत नाही मॅडम, आणि मग घरी कोणी काय विकलं, कोणाच्या दादाने शिक्षण सोडलं, सगळं बोलायला लागतात. इतकी चांगली चर्चा मला कुठल्याच गाइडमधून मिळाली नाही.

माहिती सगळी इंग्रजीतच आहे, जुनी फ्रेंच, लॅटिन वाचून सुरुवातीला डोकं गरगरते, तेवढं सोडून वर्षं आणि अर्थ वाचले तरी चालते. वाक्यात वापर शिकायचा असेल तर मात्र साधी डिक्शनरीच घ्या. इंग्रजी शिकवणाऱ्यांनी आणि नेट-सेट करणाऱ्यांनी ॲप टाकूनच घ्या.